पपया नर्सरीच्या नाक्यावर

निफाडला पारा सहावर आला होता त्या आठवड्यात,
आणि शाळेला जाताना माझ्या सायकलचं मागचं चाक बसलं.

नाक्यावर झुंबर पगारेचं दुकान, टपरीएवढं.
एक लाल टाकी, पाण्याचं घमेलं, आणि हातपंप,
कारण टाकीची नळी सायकलच्या व्हॉल्व्हला बसत नाही.
त्याने वीस-पंचवीस दणके मारले. मी चाक धरून उभी.
पंपाच्या बुडाशी बोट लागलं आणि चटकन मागे आलं.
"तापतो," तो म्हणाला, जसं कुणी सांगावं
की कुत्रं चावतं, पण आपलंच आहे.

मी नववी ब ला विज्ञान शिकवते. न विचारताच सांगितलं:
हवेचे कण दाटीत येतात, एकमेकांवर आपटतात,
घासाघासी होते, म्हणून उष्णता.
कालच फळ्यावर लिहिलं होतं. खाली दोन रेघाही मारल्या होत्या.

झुंबरने चाक फिरवून पाहिलं, मग टाकीवर तळवा ठेवला.
"रात्री आठला भरली, मॅडम. तेव्हा हिलाही हात लावता येत नव्हता.
काटा जरासा उतरलाय, पण हवा फुंकरभर गेली नाही.
दाटी होती तेवढीच आहे. आता लावा हात."

लावला.
देवळाच्या पायरीसारखी गार.
रात्रभर आत एवढी आपटाआपटी, आणि ऊब नावाला नाही.

हवेचे पाच रुपये घेतले त्याने.
प्रश्नाचे मागितले नाहीत.

शाळा सुटल्यावर गोल्फ क्लबच्या मैदानाशी थांबले.
पोरं टेनिस बॉलने खेळत होती.
एक डावखुरा, स्वेटर कमरेला बांधलेला,
पुढे सरसावून बॅट घालायचा;
चेंडू आला त्याहून जोरात परत, थेट झाडीत.
त्याच्यानंतरचा घाबरट, मनगटं सैल,
बॅट मागे ओढत चेंडू पायाशी पाडायचा, मेल्यासारखा.
चेंडू तोच. बॅटही तीच, एकच होती त्यांच्याकडे.
फरक इतकाच, फळी चेंडूकडे येत होती
की चेंडूपासून दूर जात होती.

शेंगदाण्यांची पुडी हातात उघडी राहिली.

म्हणजे दट्ट्या.
म्हणजे समोरून चालत येणारी भिंत.
जो कण तिच्यावर आपटेल, तो आला त्याहून किंचित वेगाने परततो,
फिरतो, पुन्हा येतो, पुन्हा थोडा वेग पदरात;
असे किती, मोजायला शून्यं पुरणार नाहीत,
आणि त्या सगळ्या वेगाला बाहेरून बोट लागलं
की आपण म्हणतो, चटका.

नुसती गर्दी तापत नाही.
भिंत थांबली की नवा वेग मिळायचा थांबतो,
असलेला पत्र्यात झिरपतो, पत्र्यातून थंडीत,
निफाडच्या दिशेने म्हणा हवं तर.
मग सकाळी टाकी भरलेली आणि गार, दोन्ही एकदम.
आणि झुंबर तोटी सोडतो तेव्हा तोंड आणखी गारठतं,
कारण आता रेटायचं काम हवेवर आलेलं,
बाहेरच्या हवेला ढकलत ती निघते
पदरचा वेग मोडून खात.

आज कालचं वाक्य पुसलं.
रेघा राहिल्या, ओल्या फडक्यानेही जाईनात.
"मग ऊब येते कुठून, बाई?" शेवटच्या बाकावरून मैथिली गांगुर्डे.
कार्य, ऊर्जा, सगळे शब्द तयार होते माझ्याकडे.
तोंडातून निघालं: झुंबरच्या खांद्यातून.
त्याने सकाळी चहात बुडवलेल्या टोस्टातून.

वर्ग हसला.
गांगुर्डेने मात्र वहीत लिहून घेतलं,
आणि पेन थांबवून विचारलं,
"झुंबर म्हणजे, बाई, छताला असतं ते?"